कोरा पट्टा : मुंबईच्या विकास आराखड्याचे एक वाचन

२०१६ च्या हिवाळ्यात मुंबईच्या सुधारित विकास आराखड्याचा एक नकाशा छापून घेऊन मी पश्चिम उपनगरातल्या एका कोळीवाड्यात गेलो होतो. माझी पदवी वाणिज्य शाखेची. नकाशा वाचायला मला कोणी शिकवले नाही. जुने अहवाल रद्दीवाल्यांकडून आणि ग्रंथालयांतून जमवत, चुकत चुकत शिकलो. त्या दिवशीची चूक अशी : घरांच्या दाट ठिपक्यांशेजारी, किनाऱ्याला लागून एक कोरा पट्टा दिसत होता. तो मी मोकळी जागा समजलो आणि ‘ही मोकळी जागा वाचली पाहिजे’ असे दारात बसलेल्या एका आजींना सांगू लागलो. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. “मोकली कुठं हाय ती, दादा? तिच्यावर तर घर चालतंय,” एवढेच म्हणाल्या. वळून पाहिले तर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, पलीकडे दोघे जाळे दुरुस्त करत बसलेले आणि एक होडी कुशीवर कलती करून तिला रंग चाललेला. कोऱ्या पट्ट्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या चुकीपासून हा लेख सुरू होतो. विकास आराखड्यावर आपल्याकडे टीका पुष्कळ होते. पण ती बहुधा आरक्षण कोणी उठवले, चटईक्षेत्र कोणाला मिळाले, याची असते. ती हवीच. परंतु आराखडा हा एक ग्रंथही आहे. त्याला स्वतःची भाषा आहे आणि त्या भाषेत जे सांगता येत नाही ते त्याच्या लेखी नसतेच. माझी तक्रार या भाषेबद्दल आहे.

या भाषेचा पहिला नियम असा की जमिनीचा तुकडा एका वेळी एकाच रंगाचा असतो. निवासी, व्यापारी, औद्योगिक किंवा एखाद्या सोयीसाठी राखीव. कोळीवाडा या नियमात बसत नाही. तिथे घराचा ओटा हे दुकान, गल्ली ही जाळ्यांची कार्यशाळा, किनारा हे वाळवण आणि गोदी. घर, वाळवण, बंदर आणि समुद्र ही एकच मालमत्ता आहे, फक्त तिचा एकच उतारा कुठे मिळत नाही. घराचे कागद पुष्कळांकडे असतात. वाळवणाची जागा बऱ्याचदा सरकारी दप्तरी असते, तिच्यावर हक्क असतो तो वहिवाटीचा. आणि समुद्रात कोणाचा डोल कुठे लागायचा हे गावात पिढ्यान्पिढ्या ठरलेले असले, तरी ते कोणत्याही नकाशावर नसते. म्हणजे किनाऱ्यापासून जसजसे समुद्राकडे जावे तसतसा कागद पातळ होत जातो आणि उपजीविका दाट होत जाते.

२०१५ च्या पहिल्या मसुद्याचा बोजवारा वाचकांच्या स्मरणात असेल. चुका इतक्या निघाल्या की मुख्यमंत्र्यांना तो रद्द करावा लागला. त्यातले कित्येक कोळीवाडे आणि गावठाणे वेगळी दाखवलेलीच नव्हती. नवा मसुदा २०१६ मध्ये आला, महापालिकेच्या सभागृहाने तो जुलै २०१७ च्या अखेरीस, मुदत संपता संपता, मंजूर केला आणि शासनाची मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. कोळीवाड्यांच्या हद्दी मात्र महसूल खात्याने आखून द्यायच्या आणि मग आराखड्यात घ्यायच्या, असे ठरले. दहा लाख परवडणाऱ्या घरांसाठी ना-विकास क्षेत्रे आणि मिठागरांकडे बोट दाखवणाऱ्या या आराखड्याला शहरातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांची रेघ ओढायला सवड झाली नाही. मला हे कारस्थान वाटत नाही. कारस्थान असते तर उघडे पाडता आले असते. हे विसरणे आहे, आणि नियमाने झालेले आहे.

किनारा नियमनाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेनंतर २०११ मध्ये जी दुसरी आली, तिच्यात बृहन्मुंबईसाठी खास तरतुदी होत्या. कोळीवाड्यांचे नकाशे करून ते तिसऱ्या वर्गात घालावेत, मच्छीमारांच्या घरांच्या दुरुस्तीला आणि पुनर्बांधणीला प्राधान्याने परवानगी द्यावी, असे तिथे स्पष्ट म्हटले होते. कोळीवाडे ओळखायचे कसे? तर १९८१ च्या विकास आराखड्यावरून किंवा शासनाच्या संबंधित नोंदींवरून. इथे मी बरेच दिवस अडकलो, कारण ‘१९८१ चा आराखडा’ या नावाची वस्तू मला कुठे सापडेना. १९६४ चा आराखडा आहे, मग एकदम १९९१ चा. उलगडा साधा निघाला : दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, पण तो टप्प्याटप्प्याने मंजूर होईपर्यंत नव्वदचे दशक उजाडले. मुंबईत आराखड्याला त्याच्या जन्मसालाने ओळखावे की मृत्युसालाने, हा प्रश्न पडतो तो असा. विनोद सोडला तरी परिणाम गंभीर आहे. कोळी कुटुंबाने संरक्षण मागायचे तर आधी एका जुन्या नकाशात आपले गाव दाखवायचे, आणि ज्यांनी तो नकाशा काढला त्यांनी वाळवण कोरे सोडलेले.

याच अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या झोपडपट्टी पुनर्विकासालाही वाट दिली, शासनाचा वाटा किमान ५१ टक्के असावा या अटीवर. आणि इथे घराचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचे चौथे कलम वस्तीची अवस्था पाहते : दाटी, अस्वच्छता, आरोग्याला धोका. जमीन कोणाची हा प्रश्न तिथे आधी येत नाही. त्यामुळे स्वतःच्या जागेवर पिढ्यान्पिढ्या राहणारे गावही कागदावर झोपडपट्टी ठरू शकते. एकदा तसे ठरले की मालक ‘पात्र झोपडीधारक’ होतो आणि त्याला मोफत घर मिळते. मोफत शब्दात मोठी गोम आहे. ते आकारमान आधी २२५ चौरस फूट होते, मग २६९, आता ३०० झाले. वाढ चांगली आहे. पण ३०० चौरस फुटांत जाळे कुठे ठेवायचे, आणि नवव्या मजल्यावर बोंबील कोणत्या वाऱ्यावर वाळवायचे?

इथे कोळीवाड्याबाहेरच्या आपणा मराठी लेखकांनी थोडे सावध राहावे. कोळीवाडा जसाच्या तसा जपा म्हणणे आपल्याला सोपे जाते, कारण तिथल्या संडासाच्या रांगेत आपण उभे नसतो. अरुंद जिन्यावरून आजारी माणसाला खाली आणताना मी पाहिले आहे. इमारत हवी म्हणणारे तरुण कोळी मला भेटले आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. त्यांना घर हवे आहे. वाळवण सोडून द्यायला ते तयार असतातच असे नाही, पण नियमावली दोन्ही एकत्र मागू देत नाही.

नूतनीकरण म्हणून जे होते तेही पाहावे. माहीमच्या कोळीवाड्यात २०२३ मध्ये महापालिकेने सी फूड प्लाझा सुरू केला. महिला बचत गटांना त्यातून कमाई होते. त्याला नाके मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. फक्त एवढेच नोंदवतो की ताटातला मासा महापालिकेला जितक्या लवकर दिसला, तितक्या लवकर वाळवणावरचा दिसला नाही.

आता वरळीकडे येतो, कारण आराखड्याची ही भाषा थेट पाण्यात उतरली ती तिथे. महापालिकेचा सागरी किनारा रस्ता, प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव. असा भराव २०११ च्या अधिसूचनेत बसत नव्हता. २०१५ च्या अखेरीस दुरुस्ती होऊन अपवाद म्हणून बसला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये परवानगी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, मात्र रस्त्याशिवाय दुसरे बांधकाम करू नये असे बजावून. वरळीच्या खडकांवर ओहोटीला बायका कालवे फोडत, शिंपल्या गोळा करत. भरावाच्या हिशेबात ही जागा हेक्टरमध्ये मोजली गेली. कालवे कोणी मोजली असती तर आकडा वेगळा आला असता.

मग खांबांचा वाद. सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांतले अंतर ६० मीटर ठरले होते. होड्यांना ते अपुरे, असे मच्छीमार सांगत होते. पुरेसे आहे, असे महापालिका सांगत होती. शांत पाण्यात सरळ जाणाऱ्या होडीला ६० मीटर भरपूर वाटेल. पण उधाणाच्या दिवशी, वारा कुशीवर घेऊन, समोरून दुसरी होडी येत असताना तांडेलाला किती जागा लागते, हे मोजायचे असेल तर आधी तांडेलाला तज्ज्ञ मानावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे जाहीर झाले. मागणी याहून मोठी होती, तरी मिळाले ते थोडे नव्हे. पण जाहीर कोणी केले? मुख्यमंत्र्यांनी. मच्छीमारांनी काम अडवून, वाट पाहून, शेवटी राज्याच्या प्रमुखाकडून एक खांब काढून घेतला. प्रश्न महापालिकेचा, आणि तो ऐकायला महापालिकेचे सभागृहच नव्हते. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर प्रशासक कारभार पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. नगरसेवक असताना सारे आलबेल होते असे मी म्हणणार नाही, आराखडा त्यांनीच मंजूर केला. पण निदान दार ठोठावायला एक पत्ता होता.

भरावाविरुद्ध सभागृहाबाहेर आणि सभागृहात बोलणारा एक माणूस या शहराने पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅकबेच्या भरावातला गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्यासाठी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि त्यातून निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. आज त्यांचे नाव आहे ते नरिमन पॉइंटला, म्हणजे भरावाच्याच जमिनीला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी इशारा दिला की २०५० पर्यंत हाच परिसर मोठ्या प्रमाणात पाण्याखाली जाईल. महापालिकेने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडाही प्रसिद्ध केला. त्या वेळी वरळीत भराव चालूच होता. एकाच संस्थेची दोन खाती एकमेकांचे कागद वाचत नाहीत, असे म्हटले तर ते सौजन्याचे ठरेल.

हद्द आखण्याचे काम सध्या चालू आहे, आणि ज्या कोळीवाड्यांत ते अजून व्हायचे आहे तिथल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. मोजणीदार येईल तेव्हा त्याला आधी घरे दाखवू नका. घरे त्याला दिसतीलच. त्याला ओहोटीची वेळ सांगून बोलवा, वलांड्यांपासून सुरुवात करा, होड्या कुठे ओढून ठेवता ते दाखवा, पावसाळ्यात त्या कुठे जातात तेही सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी नाव लिहून घ्यायला लावा. मी गेलो होतो त्या कोळीवाड्यातल्या आजी आता नाहीत. त्यांच्या सुनेने मागच्या वर्षी वहीत अशी एकवीस नावे उतरवली. त्यांतली सोळा त्या कोऱ्या पट्ट्यातली आहेत.