बोलपटांतील भयानक रस

ऑक्टोबर सरत आला कीं अमेरिकेंत घरोघरीं भोपळे कोरून त्यांत दिवे लावतात, मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि रात्र पडली म्हणजे मोठीं माणसें खोलींतील दिवे मालवून जुने भयानक बोलपट पाहत बसतात. 31 ऑक्टोबरच्या या रात्रीस तिकडे हॅलोविन म्हणतात. सण मूळचा आयर्लंड व स्कॉटलंडकडील, आणि त्या रात्रीं मृतांचा वावर असतो ही समजूत पुरातन आहे. बोलपटांची जोड मात्र त्यास अलीकडे मिळाली. 1957 सालीं युनिव्हर्सल कंपनीच्या 52 जुन्या बोलपटांचा एक संच तेथील टेलिव्हिजन-केंद्रांस प्रदर्शनासाठीं देण्यांत आला, आणि बापांनीं चित्रगृहांत भीत भीत पाहिलेलीं चित्रें मुलें घरीं पांघरुणांत शिरून पाहूं लागलीं. त्या पांघरुणांतच या बोलपटांस अभिजातपणा प्राप्त झाला, असें म्हटलें तरी चालेल.

सणाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो या बोलपटांतील रसाचा. आमच्या सुशिक्षित घरांतून 'भुताचा बोलपट' म्हटला कीं नाक मुरडण्याची रीत आहे. करुणानें डोळे भरून आलेले आम्ही चारचौघांत सांगतों. भीतीनें अंगावर कांटा आला, हें मात्र सांगण्याची आम्हांस लाज वाटते. वस्तुतः भरतमुनींनीं भयानकास आठ रसांच्या पंक्तींत शृंगारकरुणांच्या बरोबरीनें बसविलें आहे. एवढेंच नव्हे, तर त्याच्या शेजारीं बीभत्साचें पान निराळें मांडलें आहे. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. भय हें पुढें येऊं घातलेल्या गोष्टीचें असतें. किळस ही समोर येऊन पडलेल्या गोष्टीची असते. हा भेद आजच्या बहुसंख्य दिग्दर्शकांस ठाऊक नसावा. रक्ताचे पाट आणि तुटलेले अवयव दाखविले म्हणजे प्रेक्षक भ्याला असें ते समजतात. तो बिचारा केवळ तोंड फिरवितो.

जॅक टर्नर या दिग्दर्शकाचा 'कॅट पीपल' (1942) हा बोलपट पाहिला असतां हा भेद मनावर पक्का ठसतो. निर्माता व्हॅल ल्यूटन. जवळ पैसा थोडा, आणि बोलपटाचें नांवहि कंपनीनें आधींच ठरवून दिलेलें. त्यांतून या माणसानें काय साधलें आहे! आयरीना ही न्यूयॉर्कमध्यें राहणारी सर्बियन तरुणी. प्रेमाचा वा मत्सराचा आवेग अनावर झाला तर आपण हिंस्र श्वापद होऊं, या धास्तीनें ती नवऱ्यास जवळ येऊं देत नाहीं. नवरा कंटाळतो, आणि त्याचें मन कचेरींतील अ‍ॅलिस नांवाच्या सहकारिणीकडे ओढ घेऊं लागतें. पुढें एका रात्रीं ही अ‍ॅलिस एका इमारतीच्या तळघरांतील तरणतलावावर एकटीच गेलेली असतां तिला कसलीशी चाहूल लागते. ती घाबरून पाण्यांत उडी घेते. भिंतींवर व छतावर पाण्याचीं प्रतिबिंबें थरथरत आहेत, कोठें तरी एक सावली हललीशी वाटते, एक गुरगुर ऐकूं येते, आणि मध्यभागीं ती मुलगी पाण्यावर डोकें ठेवून गरगर फिरत किंचाळत आहे. इतकेंच. दिवे लागतात तों कांठावर आयरीना शांतपणें उभी. आणि काढून ठेवलेला झगा मात्र चिंध्या होऊन पडलेला. श्वापद दिसलें का? नाहीं. पुढें एका प्रसंगीं खरोखरीचा काळा बिबळ्या दाखविला आहे. आमच्या मतें साऱ्या बोलपटांत कमी भीतिदायक जागा तीच.

ल्यूटनच्या हाताखालीं तयार झालेल्या रॉबर्ट वाइजनें हीच विद्या 'द हाँटिंग'मध्यें (1963) आणखी पुढें नेली. त्यांत भूत असें एकहि नाहीं. अंधारांत कोणी तरी आपला हात घट्ट धरला आहे असें नायिकेस वाटतें. ती तो शेजारच्या मैत्रिणीचा समजते. दिवा लागल्यावर पाहते तों मैत्रीण खोलीच्या पलीकडल्या बाजूस निजलेली. हेन्री जेम्सच्या कथेवरून निघालेला 'दि इनोसंट्स' (1961) याच जातीचा, आणि अभिनयाच्या दृष्टीनें कदाचित् सर्वांत सरस. बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' (1931) मात्र आरंभींचे वाड्यांतील प्रसंग सोडले तर आम्हांस रंगभूमीवरून उचलून आणल्यासारखा वाटतो. त्याची कीर्ति आमच्या या मतानें कमी होईल असें नाहीं.

यावरून आम्हीं एक नियम बसविला होता, आणि तो वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितलाहि: भयानक रसांत जें दाखविलें तें वाया गेलें, जें झांकलें तेंच कामीं आलें. हा नियम आमच्या अंगलट कसा आला, तें आतां सांगितलें पाहिजे.

जेम्स व्हेलचा 'फ्रँकेन्स्टाइन' (1931) आम्हीं प्रथम विद्यार्थिदशेंत पाहिला तो एका जुन्या, कापलेल्या प्रतीवरून. त्यांत तळ्याकांठचा एक प्रसंग आहे. मरिया नांवाची लहान मुलगी त्या विरूप प्राण्यास भीत नाहीं. त्याच्या हातीं फुलें देते. दोघेंहि एकेक फूल पाण्यांत टाकून तें तरंगतांना पाहतात. फुलें संपतात. तो हंसत हंसत मुलीकडे हात पुढें करतो, आणि आमच्या प्रतींत चित्र तेथेंच तुटलें होतें. त्यानंतर दिसला तो मुलीचें प्रेत हातांवर घेऊन लग्नाच्या मिरवणुकींतून चालणारा बाप. मध्यें काय घडलें असेल? जें मनांत आलें तें लिहिण्याजोगें नाहीं. मेरी शेलीच्या 1818 सालच्या कादंबरींतील तो दुःखी, सुशिक्षित, वाक्पटु प्राणी कोठें, आणि हा मुका नराधम कोठें, असें म्हणून आम्हीं त्या बोलपटावर पुष्कळ तोंडसुख घेतलें; आणि कादंबरी शिकवितांना विद्यार्थ्यांसहि तेंच ऐकविलें.

पुष्कळ वर्षांनीं संपूर्ण प्रत पाहण्यास मिळाली. त्या दशकांत नीतिरक्षणाच्या नांवाखालीं कापलेला तो तुकडा 1980 नंतरच्या दशकांत पुन्हां जोडण्यांत आला आहे. त्यांत काय आहे? फुलें संपलीं, तेव्हां हा अजाण प्राणी मुलीस उचलून फुलासारखीच पाण्यांत टाकतो. तीहि तरंगेल असें त्यास वाटतें. ती तरंगत नाहीं. तो गोंधळतो, पाण्यांत हात घालून चांचपडतो, आणि झाडींतून धडपडत पळत सुटतो. मुलांस फुलें आवडतात, फुलें पाण्यावर तरंगतात, मूलहि फुलासारखेंच, हें त्याचें सारें तर्कशास्त्र. कात्रीनें नेमकें तेंच कापलें, आणि एका बालकाच्या चुकीचें आम्हां प्रेक्षकांच्या मनांत घोर पातक झालें. टर्नरच्या तळघरांत जें दाखविलें नाहीं त्यानें भय वाढलें. येथें जें दाखवूं दिलें नाहीं त्यानें करुण मेला आणि त्याच्या जागीं बीभत्स येऊन बसला. कलावंतानें राखलेलें मौन आणि बाहेरच्यानें दाबलेलें तोंड यांस आम्ही एकच समजत होतों.

त्या प्रसंगानंतर बोरिस कार्लोफच्या मुकेपणाचाहि अर्थ उलगडतो. (कार्लोफ हें घेतलेलें नांव, खरा तो विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याचे वडील हिंदुस्थानांत मिठाच्या खात्यांत अधिकारी होते.) बोलपटाच्या आरंभीं पात्रांच्या यादींत त्याच्या नांवाच्या जागीं नुसतें प्रश्नचिन्ह छापलें आहे. शेलीनें आपल्या प्राण्यास वाणी देऊन जें साधलें, तें व्हेल व कार्लोफ यांनीं ती काढून घेऊन साधलें. छपरांतून प्रथमच प्रकाश आंत येतो आणि तो दोन्ही हात वर करून तो प्रकाश धरूं पाहतो, तेवढा एक क्षण कादंबरींतील कित्येक पृष्ठांच्या तोलाचा आहे. वर्गांत आम्हीं हें मागाहून कबूल केलें. परंतु ज्यांना आधीं शिकविलें ते विद्यार्थी आतां कोठें कोठें विखुरले आहेत.

पुढील काळाविषयीं थोडक्यांत. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'मध्यें (1978) रक्त अत्यल्प आहे. त्याच्या अनुकरणांत रक्ताखेरीज कांहीं नाहीं. त्यांत मुलें त्या रात्रीं टेलिव्हिजनवर 1951 सालचा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' पाहत बसलेलीं दाखविलीं आहेत, ही आपल्या पूर्वसूरींस केलेली वंदना आम्हांस फार गोड वाटली.

या ऑक्टोबरअखेर ज्या वाचकांस एखादी रात्र अशी घालवावीशी वाटेल, त्यांनीं 'कॅट पीपल' दिवे मालवून पाहावा; तो सव्वा तासाच्याहि आंत संपतो. 'फ्रँकेन्स्टाइन' घरांतील मुलांसह पाहण्यास हरकत नाहीं. मात्र प्रत निवडतांना फुलें संपल्यानंतरचा भाग तींत आहे ना, एवढें आधीं पाहून घ्यावें.