विद्यापीठांतील अंतर्गत निवड आणि टाकलेले पाठ

संशोधनास द्रव्यसाहाय्य देणाऱ्या कित्येक संस्थांचा असा दंडक असतो कीं, एका विद्यापीठानें एक किंवा दोनच अर्ज पाठवावे. दात्याच्या बाजूनें पाहतां हा नियम गैर नाहीं. शेंकडों अर्ज तपासण्याचा भार त्यामुळें हलका होतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, बहुतेक अर्जांचा निकाल दात्याच्या तज्ज्ञमंडळापुढें न लागतां विद्यापीठाच्या आंतच लागून जातो. दहांपैकीं नऊ अर्ज जेथें गळतात, तेंच खरें निर्णयाचें स्थान होय. ह्या पहिल्या निवडीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंतील ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज’ ही संस्था इ. स. 1965 मध्यें स्थापन झाली. तिच्या उन्हाळी अध्ययनवृत्तीसाठीं प्रत्येक विद्यापीठानें दोनच अध्यापकांचीं नांवें सुचवावीं, असा नियम ठेवण्यांत आला होता. मात्र कोणत्याही विद्यापीठांत नसलेल्या स्वतंत्र अभ्यासकास ही अट नव्हती. त्यास आपला अर्ज थेट धाडतां येत असे. हा अपवाद आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आपल्याकडील जवळचें उदाहरण म्हणजे महाराष्ट्रांतील विद्यापीठांचें ‘आविष्कार’ संशोधन संमेलन. तें अनुदान नव्हे, स्पर्धा आहे. तरी निवडीची रीत तीच. राज्यपातळीवर प्रत्येक विद्यापीठाचा मर्यादित संघच जातो, आणि तो आधींच्या फेऱ्यांतून गाळून काढावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यांतील महाविद्यालयें इ. स. 1983 मध्यें स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. अर्थात् येथील अभ्यासकाची वाट त्या संघांतूनच जाते. स्पर्धेचे विभाग सहा असून मानव्यविद्या, भाषा व ललितकला मिळून एकच विभाग आहे. म्हणजे सांकेतिक लिपींतील महानुभावीय पोथीचा पाठ लावणारा, गांवाची सामाजिक पाहणी करणारा आणि चित्रकलेचा अभ्यासक हे तिघे एकाच तागडींत बसतात.

शितावरून भाताची परीक्षा करणारा स्थालीपुलाकन्याय सर्वांस ठाऊक आहे. पण तो लागू पडतो तो भांड्यांतील तांदूळ एकाच जातीचा असेल तेव्हांच. भिन्न शास्त्रांचे प्रस्ताव समोर असतां समितीपाशीं समान माप उरत नाहीं. मग ‘कोणाचा अर्ज पुढें यशस्वी होईल’ हेंच माप होऊन बसतें. ज्यास पूर्वीं अनुदान मिळालें त्यास पुन्हां मिळण्याचा संभव अधिक, म्हणून तोच पुढें जातो. ज्याचें फळ दोन वर्षांत दाखवितां येत नाहीं, असें सूचीकरणाचें किंवा पाठसंशोधनाचें काम मागें पडतें. ह्यांत कोणाचा दुष्टावा असावा लागत नाहीं. घाई व सोय एवढीं दोन कारणें पुरतात.

आमचा मुख्य आक्षेप निवडीस नाहीं, ती निःशब्द असण्यास आहे. संपादकासही निवड करावीच लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम इ. स. 1919 पासून 1966 पर्यंत चाललें. त्यांत हजारों श्लोक संहितेंतून वगळले गेले. पण ते फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत छापले, आणि कोणता पाठ कोणत्या पोथींत आहे हेंही नोंदविलें. म्हणून आज कोणासही संपादकांशीं वाद घालतां येतो. विद्यापीठाच्या समितीनें टाकलेल्या प्रस्तावाची अशी तळटीप कोठें असते? अर्जदारास बहुधा एक ओळीचा नकार मिळतो, कित्येकदां तोही नाहीं.

नोंद राहिली म्हणजे काय साधतें, ह्याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. दाभाड्यांनीं तळेगांवीं सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली व कंपनी सरकारनेंही ती कमी करून चालू ठेविली. इ. स. 1849 मध्यें कांहीं सुधारकांनीं अर्ज केला कीं, ह्या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेकडे लावावा. जुन्या मंडळींनीं त्यास कडाडून विरोध केला. वाद लेखी झाला, म्हणून तो तडीस गेला. दोन वर्षांत, 1851 मध्यें, दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. द्रव्य कोणास द्यावें हा प्रश्न उघड्यावर आला, एवढ्यानेंच मराठी ग्रंथकारांस वाट मिळाली.

यवतमाळकरांस ह्या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. येथील यशवंत खुशाल देशपांडे यांनीं वकिली सांभाळून महानुभावीय वाङ्मयाचा शोध केला. ते विद्यापीठाचे अध्यापक नव्हते. आजच्या नियमानें त्यांचें नांव कोणत्या विद्यापीठानें सुचविलें असतें? इ. स. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत ‘ज्ञानभारतम्’ योजना जाहीर झाली असून, संस्था व खासगी संग्राहक यांजकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व जतन हा तिचा हेतु सांगितला आहे. अशा कामीं अर्ज आंतल्या आंत गळाले तर हानि अर्जदाराची थोडी, पोथीची फार. माणूस पुढील वर्षीं पुन्हां अर्ज करील. वाळवी व कसर पुढील वर्षाची वाट पाहत नाहींत.

म्हणून आमच्या सूचना चार आहेत. निवडीचे निकष व मुदत आधीं प्रसिद्ध करावी. समितींत त्या विषयाचा एक तरी बाहेरील जाणकार असावा. टाकलेल्या प्रत्येक प्रस्तावाचें कारण दोन ओळींत लिहून अर्जदारास द्यावें आणि तें दप्तरीं ठेवावें. चवथी सूचना दात्यांस आहे: विद्यापीठाबाहेरील अभ्यासकास थेट अर्जाची मुभा असावी. ह्यांपैकीं एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. पोथींतील एक अक्षर गाळतांना जेवढी जबाबदारी आपण मानतों, तेवढी एका अभ्यासकाचें काम गाळतांना मानली जावी, एवढेंच सुचवून हा लेख पुरा करतों.