बंदर-अभ्यासातील अनुपस्थित माणूस : सागरी वाहतूकविषयक संशोधनाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : बंदर-कार्यक्षमता, कंटेनरीकरण, गोदी कामगार, खलाशी, संशोधनपद्धती

प्रस्तावना

जागतिक व्यापारातील मालापैकी आकारमानाच्या हिशेबाने सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो, हे विधान सागरी वाहतुकीवरील बहुतेक शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात आढळते. त्यापुढे धक्क्यांची लांबी, क्रेनची संख्या, कंटेनरची वार्षिक उलाढाल आणि जहाजाच्या मुक्कामाचे तास यांचे तक्ते येतात. माल उतरविणारा गोदी कामगार आणि जहाज चालविणारा खलाशी मात्र या तक्त्यांत क्वचितच दिसतो. ही उणीव सहसा संवेदनशीलतेची मानली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती मुळात संशोधनपद्धतीची उणीव आहे. बंदरविषयक संशोधनाने जहाजाचा वेळ काटेकोरपणे मोजला. माणसाचा वेळ मोजला नाही. त्यामुळे त्याचे काही निष्कर्ष अपुरे राहिले, तर काही परस्परविरोधी ठरले. हे विधान पाच मुद्द्यांच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. बंदराचा भूगोल आणि बंदरातील समाज

जेम्स बर्ड यांनी १९६३ साली ब्रिटनमधील बंदरांच्या अभ्यासातून ‘एनीपोर्ट’ हे प्रतिमान मांडले. जुन्या शहराला लागून असलेले बंदर जहाजांचा आकार वाढत जातो तसे खोल पाण्याकडे आणि मोकळ्या जमिनीकडे सरकत जाते, हा त्याचा सारांश. मुंबईला हे प्रतिमान बऱ्याच अंशी लागू पडते. १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक, १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) आणि अखेरीस २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, अशी ही वाटचाल सांगता येते.

तथापि, हे प्रतिमान धक्का कोठून कोठे गेला एवढेच सांगते. धक्क्यावरची माणसे कोठे गेली, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. मुंबईच्या गोदीतील कामगार दीर्घकाळ रोजंदारीवर, मध्यस्थांच्या मर्जीने कामाला लागत असे. १९४८ च्या गोदी कामगार (रोजगार नियमन) कायद्याने आणि त्यानंतर स्थापन झालेल्या डॉक लेबर बोर्डाने त्याला नोंदणी व किमान हमी दिली. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखालील संघटनेचा इतिहास याच काळातला आहे. त्यानंतर कंटेनर आला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेव्हा सुरू झालेल्या बदलाने जगभरातील गोदी कामगारांची संख्या घटविली. मुंबईपुरते बोलायचे तर बंदराचे स्थलांतर आणि कामाच्या स्वरूपातील बदल या दोन घटना एकमेकींत मिसळलेल्या आहेत. केवळ नकाशावर आधारलेल्या अभ्यासात त्यातील दुसरी घटना दिसत नाही.

२. कार्यक्षमतेचे गणित

१९९३ साली रोल आणि हायूथ यांनी बंदरांच्या तुलनेसाठी ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ ही पद्धत सुचविली. त्यांचा निबंध काल्पनिक आकडेवारीवर आधारित होता आणि पद्धतीची ओळख करून देणे एवढाच त्याचा हेतू होता. पुढे ही पद्धत बंदर-अर्थशास्त्रात रूढ झाली; आपल्याकडील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील प्रबंधांतही ती आढळते. दिलेल्या साधनांतून जास्तीत जास्त उत्पादन घेणारे बंदर कार्यक्षम, असे तिचे साधे सूत्र आहे. या सूत्रात मनुष्यबळ हे ‘साधन’ ठरते. म्हणजे माल तेवढाच राहून कामगार कमी झाले की बंदराचे गुण वाढतात.

येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली मोजणीची. बंदराने कायम कामगार कमी करून तेच काम कंत्राटदाराकडे दिले, तर बंदराच्या पटावरील संख्या घटते. कामाला लागणारे हात घटतातच असे नाही. तक्त्यात जी कार्यक्षमता वाढल्यासारखी दिसते, ती अनेकदा पटाबाहेर ढकललेल्या माणसांची संख्या असू शकते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कामगारांची विश्वासार्ह आकडेवारी मिळत नाही या कारणास्तव अनेक अभ्यास मनुष्यबळ हा घटकच वगळतात किंवा क्रेनच्या संख्येवरून त्याचा अंदाज बांधतात. माणूस यंत्राच्या प्रमाणात गृहीत धरला की यंत्र व माणूस यांच्यातील बदलते नाते हा अभ्यासविषयच उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या एम.फिल. प्रबंधातही हाच दोष होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्यात मालाच्या उलाढालीचे तक्ते भरपूर होते. एकाही कामगाराची मुलाखत नव्हती.

३. धक्क्यावरील तास कोणाचे?

जहाजाचा बंदरातील मुक्काम जितका कमी, तितके बंदर चांगले, हा या क्षेत्रातील जवळजवळ सर्वमान्य निकष आहे. मालाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु हेच तास जहाजावरून मोजले तर वेगळा अर्थ निघतो. पूर्वी माल उतरविण्यास अनेक दिवस लागत, तेव्हा खलाशाला जमिनीवर पाय ठेवता येई, पत्र टाकता येई, वैद्याकडे जाता येई. आज कंटेनर जहाज काही तासांत निघते. शिवाय नवी बंदरे शहरापासून दूर असतात. हेलन सॅम्पसन आणि बिन वू यांनी २००३ मध्ये हा मुद्दा स्पष्टपणे मांडला होता. तरीही बंदर-कार्यक्षमतेच्या साहित्यात त्याची दखल अभावानेच घेतली गेली. बंदराच्या लाभाचा आणि खलाशाच्या हानीचा आकडा एकच असूनही दोन विद्याशाखा तो दोन वेगळ्या वह्यांत लिहीत आहेत.

उपलब्ध नोंदींवर विसंबणेही धोक्याचे आहे. २००६ साली स्वीकारलेला आणि २०१३ पासून अंमलात आलेला सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यातील विश्रांतीच्या निकषानुसार खलाशाला २४ तासांत किमान १० तास व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावयास हवी. जहाजावर त्याची नोंद ठेवली जाते. परंतु या नोंदी नियमाशी जुळतील अशा ‘जमवून’ घेतल्या जातात, असे वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या २०२० मधील अभ्यासातून पुढे आले. जेथे मूळ नोंदच तडजोडीची आहे, तेथे तिच्यावर उभारलेले संख्याशास्त्रीय विवेचन कितीही नेटके असले तरी त्याचा पाया भुसभुशीत राहतो.

४. खलाशाचा इतिहास आणि त्यातील खंड

खलाशांवर संशोधन झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते दिनकर देसाई यांचा भारतातील सागरी कामगारांवरील ग्रंथ १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाला. फ्रँक ब्रोझ यांचा १९८१ मधील निबंध, रवी आहुजा यांचा २००६ मधील निबंध आणि जी. बालचंद्रन यांचा २०१२ मधील ग्रंथ यांनी ब्रिटिश जहाजांवरील ‘लस्कर’ खलाशांचा इतिहास साक्षेपाने मांडला. सारंग, तांडेल, भंडारी ही उतरंड, रत्नागिरीकडील डेकवरचे खलाशी, गोव्याचे खानसामे आणि मुंबईतील त्यांचे ‘कूड’ यांची ओळख या परंपरेमुळेच अभ्यासकांना झाली. दुसरीकडे सॅम्पसन यांच्या २०१३ मधील ग्रंथाने अलीकडच्या खलाशांचे व त्यांच्या कुटुंबांचे जीवन प्रत्यक्ष सहवासातून टिपले.

परंतु हे ग्रंथ शेजारी ठेवले असता एक खंड लक्षात येतो. बालचंद्रन १९४५ ला थांबतात, आहुजा १९६० च्या सुमारास. सॅम्पसन यांचे क्षेत्रकार्य त्यानंतर कित्येक दशकांनी सुरू होते. मधली तीन-चार दशके, म्हणजे नेमका कंटेनर येण्याचा आणि परदेशी ध्वजाच्या जहाजांवर भरती वाढण्याचा काळ, या मांडणीत निसटतो. शिवाय इतिहासकारांची साधने प्रामुख्याने सरकारी व कंपन्यांच्या दप्तरांतील आहेत. त्यांत खलाशी तक्रारदार, फरारी किंवा आकडा म्हणून येतो. सांगणारा म्हणून क्वचित येतो.

या काळात समुद्रावर गेलेली पिढी रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील गावांत अद्याप हयात आहे. मात्र तिचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ‘नली’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची सेवापुस्तिका, म्हणजे कोणत्या जहाजावर किती काळ नोकरी केली याची नोंद, अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. हे साधन कोणत्याही अभिलेखागारात नाही आणि ते फार काळ टिकणारही नाही.

५. आजचा संदर्भ : वाढवण

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास मंजुरी दिली. सुमारे ७६,२२० कोटी रुपये खर्च, वर्षाला २.३२ कोटी टीईयू इतकी कंटेनर-क्षमता आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सुमारे १२ लाख रोजगार, असे आकडे त्या वेळी जाहीर झाले. स्थानिक मच्छीमारांचा या प्रकल्पास दीर्घकाळ विरोध राहिला आहे. प्रकल्प योग्य की अयोग्य, हा येथे विवेचनाचा विषय नाही. परंतु एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. बंदर उभारताना कामगारांची संख्या हा लाभ म्हणून सांगितला जातो; बंदर चालू झाल्यावर कार्यक्षमतेच्या तक्त्यात तीच संख्या खर्च म्हणून धरली जाते. एकच माणूस घोषणेत जमेच्या बाजूला आणि मूल्यमापनात खर्चाच्या बाजूला असेल, तर संशोधकाने तो नेमका कोण, कायम की कंत्राटी, स्थानिक की बाहेरचा, आणि त्याच्यामुळे किनाऱ्यावरील कोणाचे काम गेले, हे विचारावयास हवे. मासेमारी करणारे हात तर या दोन्ही रकान्यांत नाहीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. बंदरांचे भौगोलिक व आर्थिक अभ्यास उपयुक्त आहेत; मात्र कामगाराला केवळ साधन मानल्याने ते एकांगी झाले आहेत. जहाजाच्या मुक्कामाचा वेळ मोजताना त्याच वेळात खलाशाला मिळालेली किनाऱ्यावरील मोकळीक मोजली पाहिजे. कामगारांच्या संख्येत कंत्राटी कामगार स्वतंत्रपणे दाखविले पाहिजेत. विश्रांतीच्या नोंदी मुलाखतींशी ताडून पाहिल्या पाहिजेत.

यांपैकी अखेरचे काम आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आजोबा किंवा चुलते बोटीवर होते. इतिहास, वाणिज्य, भूगोल आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि सेवापुस्तिकांच्या प्रती जतन केल्या, तर वर उल्लेखिलेला खंड काही अंशी भरून निघेल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. मात्र विलंब परवडणारा नाही.