प्रेम आणि मृत्यूविषयीच्या अभिवृत्तींचे प्रश्नावलीद्वारे मापन : एक चिकित्सा

प्रेम आणि मृत्यू हे विषय साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाहीत. मानसशास्त्राने मात्र ते मोजण्यासाठी बरेच उशिरा हाती घेतले. १९७० साली डोनाल्ड टेम्पलर यांनी १५ विधानांची मृत्युचिंता श्रेणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी झिक रुबिन यांनी 'प्रेम' आणि 'आवड' यांच्यासाठी प्रत्येकी १३ विधानांच्या दोन स्वतंत्र श्रेणी मांडल्या. पुढे अशा श्रेणींचे पीकच आले आणि आज शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या प्रबंधिकांमध्ये त्यांची भाषांतरे सर्रास वापरली जातात. म्हणून ही साधने नेमके काय मोजतात, हे तपासणे आवश्यक ठरते.

या सर्वांत रुबिन यांचे काम अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी मिशिगन विद्यापीठातील १५८ जोडप्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रेमश्रेणीवर दोघांचेही गुण जास्त असलेली जोडपी प्रयोगशाळेत एकमेकांकडे खरोखर अधिक वेळ पाहतात का, हे त्यांनी निरीक्षणाने तपासले. कागदावरच्या खुणेला कृतीची साक्ष काढली. नंतरच्या पुष्कळ संशोधकांनी एका प्रश्नावलीची वैधता दुसऱ्या प्रश्नावलीने सिद्ध केली. म्हणजे एका साक्षीदाराची खात्री त्याच्याच भावाला विचारून करून घेतली!

हेन्ड्रिक दांपत्याची १९८६ ची प्रेम-अभिवृत्ती श्रेणी आपल्याकडे अधिक परिचित आहे. जॉन ली यांनी सांगितलेल्या सहा प्रेमशैलींसाठी प्रत्येकी ७, अशी तीत एकूण ४२ विधाने आहेत. त्यांपैकी 'व्यवहारी' प्रेमाची विधाने पाहावीत. जोडीदाराचे घराणे, त्याचे भवितव्य यांचा विचार उत्तरदाता स्वतः करतो, हे त्यांत गृहीत धरलेले आहे. ज्या समाजात ही चौकशी वडीलधारे करतात, मामा किंवा खाला स्थळाची माहिती काढतात, तिथल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने या विधानावर काय खूण करावी? तिने 'असहमत' म्हटले तर ती भावनाप्रधान ठरेल. वास्तविक विचार झालेला असतो, फक्त तो तिने केलेला नसतो. प्रेमाला खेळ मानणाऱ्या शैलीविषयीची विधाने तर वर्गात शेजारी मैत्रीण बसलेली असताना प्रामाणिकपणे भरली जातील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिथे कमी आलेले गुण अभिवृत्तीचे की अदबीचे, हे आकडा सांगत नाही. क्राउन आणि मार्लो यांनी समाजमान्य उत्तर देण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी १९६० मध्ये ३३ विधानांची स्वतंत्र श्रेणी तयार केली होती. ती जोडीला वापरण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

मृत्यूच्या बाबतीत टेम्पलर यांची श्रेणी 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच विचारते. हृदयविकाराचा झटका, महायुद्ध, शस्त्रक्रिया, मरणोत्तर जीवन, झरझर निघून जाणारा काळ, या सर्वांची बेरीज होऊन एकच आकडा हाती येतो. त्याआधी १९६९ मध्येच कॉलेट आणि लेस्टर यांनी स्वतःचा मृत्यू, स्वतःचे मरत जाणे, इतरांचा मृत्यू आणि इतरांचे मरत जाणे, असे चार भाग केले होते. हा भेद आपल्या वृद्धांना कुणी शिकवावा लागत नाही. 'चलते-फिरते उठा ले' ही दुआ मरण टाळण्यासाठी नसून अंथरुणाला खिळणे टाळण्यासाठी असते. अशा माणसाचे गुण एकाच बेरजेत घातले की त्याची भीती आणि त्याची तयारी दोन्ही पुसली जातात.

वाँग, रेकर आणि गेसर यांच्या १९९४ च्या सुधारित श्रेणीत ३२ विधाने आणि पाच घटक आहेत. भीती आणि टाळाटाळ यांच्या जोडीला तीन प्रकारचा स्वीकारही तीत मोजला जातो. हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. मात्र त्यांपैकी एक स्वीकार मरणोत्तर सुखाच्या खात्रीवर उभा आहे. श्रद्धावान मुस्लिम उत्तरदात्याची अडचण इथेच होते. आपण जन्नतमध्ये जाऊच, असे ठामपणे म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते, कारण तो निर्णय अल्लाहचा आहे. त्याच्या मनात खौफ आणि उम्मीद एकत्र नांदतात. श्रेणी मात्र त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकते आणि त्याच्या नम्रतेचे गुण कापते. इजिप्तचे अहमद अब्देल-खालेक यांनी २००४ मध्ये २० विधानांची अरबी मृत्युचिंता श्रेणी सिद्ध केली. तीत मृतदेह व कबरींची भीती आणि मृत्यूनंतरच्या घटनांची भीती हे वेगळे घटक म्हणून पुढे आले. आपल्या विद्यार्थ्यांसाठी साधन निवडताना या कामाकडे आधी पाहायला हवे.

भाषांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. 'लव्ह' या एका शब्दासमोर मराठीत प्रेम, माया, लळा, जिव्हाळा उभे राहतात, तर उर्दूत मुहब्बत, उन्स, इश्क. 'इश्क' म्हटले की मजाज़ी की हकीकी, हा प्रश्न लगेच येतो. मृत्यूचेही तसेच. मराठीत माणूस 'वारतो' किंवा 'जातो', उर्दूत त्याचा 'इंतेकाल' होतो, म्हणजे तो स्थलांतर करतो. प्रश्नावलीत मात्र क्रमिक पुस्तकातला 'मृत्यू' असतो आणि त्याच्याशी उत्तरदात्याचे घरगुती नाते नसते. भाषांतर पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहण्याची पद्धत रूढ आहे. तिने शब्द परत आला की नाही ते कळते, पण वाटेत काय गळाले ते कळत नाही. सूफी वलींच्या पुण्यतिथीला आपण 'उरूस' म्हणतो. तो शब्द विवाहवाचक 'उर्स'पासून आला आहे. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज़ यांच्या उरुसाला जाणारा माणूस प्रेम आणि मृत्यू एकाच शब्दात उच्चारतो. त्याच्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्नावल्या ठेवणे हीच मुळात एक भूमिका आहे, आणि ती कुठेही नोंदवली जात नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. भाषांतरित श्रेणी दोनशे जणांना वाटण्यापूर्वी दहा जणांसमोर बसून, प्रत्येक विधान त्यांना कसे समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. परिशिष्टात ती उत्तरे छापावीत. कोरी सोडलेली विधानेही मोजावीत. सध्या अपूर्ण प्रश्नावल्या 'बाद' म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची केवळ संख्या दिली जाते. कोणते विधान किती मुलींनी कोरे सोडले, हा तक्ता कुठल्याही सरासरीपेक्षा अधिक बोलका ठरेल.