वारसा कोणाचा, यादी कोणाची?

'ऐतिहासिक वारशाचे जतन' हा विषय काढला की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. देवळे, वाडे, गढ्या यांच्याशी आपला संबंध वेठीपुरता. त्या राहिल्या काय नि पडल्या काय, असा त्यामागचा भाव असतो. हा नकार मला समजतो. परंतु नकार ही भूमिका झाली, कार्यक्रम नव्हे. म्हणून येथे मी एका कायद्याची संहिता समीक्षकाच्या नजरेने वाचणार आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. शहराच्या विकास योजनेत काय काय यावे, हे त्याच्या कलम २२ मध्ये सांगितले आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय व शास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळे, तसेच निसर्गरम्य भूप्रदेश यांचे जतनही त्यात येते. वाक्य वरवर निर्दोष आहे. त्यात जात नाही, धर्म नाही. पण महत्त्व कोणाच्या नजरेने मोजायचे, हेही त्यात नाही. आणि आपल्या समाजात अशी कोरी सुटलेली जागा कोण भरून काढतो, हे सांगायला नको.

वाशिमचेच पाहू. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपट हा या इतिहासाचा मोठा आधार. त्यात आहे काय? अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद. दान घेणारे तांब्यावर कोरले गेले. जमीन कसणारे मातीत गेले. अठराव्या शतकातल्या बालाजी मंदिराला भवानी काळू यांचे नाव आहे. दगड फोडणाऱ्यांना नाव नाही. आणि याच वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले, हा धागा वाशिमच्या बौद्ध तरुणाने आपला म्हणून का उचलू नये?

आता याच जिल्ह्यातले कारंजा घ्या. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला'ची अरुंद रुळांची वाट कारंजावरून जाते. ब्रिटिश कंपनीने ती वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचे इंजिन धावले. पुढे गाडीच बंद पडली. कापूस वेचणाऱ्या बाया, गाठी उचलणारे हमाल, रूळ ठोकणारे गँगमन यांचा इतिहास याच वाटेवर सांडला आहे. देऊळ तेवढे ऐतिहासिक आणि कापसाचा फलाट मात्र भंगार, हा न्याय कुठला?

महाडच्या चवदार तळ्याचे मोठेपण त्याच्या पायऱ्यांच्या घडणीत नाही. ते २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारोंनी तेथे पाणी घेतले, त्या कृतीत आहे. आपले निकष येथून सुरू झाले पाहिजेत. पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली. तो वाडा वर्षानुवर्षे खचत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक होईल, पण ज्या भिंतींनी ते पाठ ऐकले, त्या आता नाहीत.

स्थानिक नियोजनाची ताकद लंडनमध्येही दिसली. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. तेथे संग्रहालय केल्याने राहण्याची जागा घटते, या कारणावरून कॅमडेनच्या स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. एका घराचा अर्थ ठरला तो नियोजनाच्या कागदावर, युक्तिवाद करून. भाषणातून नव्हे.

तोच कागद वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड येथेही आहे. कलम २६ प्रमाणे नगरपरिषदेला प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आपण या योजनेकडे वळतो ते वस्तीवरून रस्ता जाणार असे कळल्यावर. त्या आधीच वळले पाहिजे. जुने वसतिगृह, सभेचे मैदान, पाण्यासाठी संघर्ष झालेली विहीर, पहिले विहार यांची यादी नकाशा आणि पुराव्यासह दाखल झाली पाहिजे.

मात्र एक अट सोडता कामा नये. जतनाच्या नावाखाली एकही झोपडी उठता कामा नये. तळ्याचा काठ सुशोभित करायचा आणि काठावरच्या माणसाला हाकलायचे, याला मी जतन म्हणत नाही. ती जुनीच गावकुसाबाहेरची व्यवस्था नव्या नकाशावर काढणे होय.

प्रस्थापितांनी आपला इतिहास नाकारला, ही आपली तक्रार खरीच आहे. पण हरकतीची मुदत आपण रिकामी जाऊ दिली, तर उद्याच्या नकाशातल्या आपल्या गैरहजेरीला आपणही उत्तरदायी राहू.