यादीबाहेरचा आठवडा

डिसेंबरचा पहिला पंधरवडा संपता संपता गुगलची वार्षिक यादी येते. देशानं वर्षभर काय शोधलं, कोणाविषयी शोधलं, कोणत्या शब्दाचा अर्थ विचारला, 'जवळपास' काय आहे याची चौकशी केली, अशा दहा-दहा ओळींच्या रांगा तिच्यात असतात. २००१ साली 'झाइटगाइस्ट' या नावानं सुरू झालेला हा प्रकार आता 'इयर इन सर्च' म्हणून ओळखला जातो. वर्तमानपत्रं यादी छापतात, वाहिन्या तिच्यावर अर्धा तास काढतात आणि 'भारताच्या मनात काय आहे' याचा निकाल लागतो. इतकी वर्षं ठरावीक घाटात, ठरावीक वेळी येणारा मजकूर हा एक वाङ्मयप्रकारच झाला म्हणायचा. मग त्याची समीक्षाही व्हायला हवी.

पहिलं निरीक्षण तारखेचं. वर्ष संपायच्या आत वर्षाची यादी निघते. त्यामुळे २५ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात लोक जे विचारतात ते त्या यादीत येऊ शकत नाही आणि पुढची यादी पुढच्या वर्षाची असते. म्हणजे सुट्टीचा, हिशेबाचा, घरी परतण्याचा असा हा आठवडा दोन याद्यांच्या फटीत पडतो.

दुसरं निरीक्षण मोजमापाचं. यादीत चढतं ते सर्वाधिक विचारलेलं नव्हे, तर मागच्या वर्षाच्या तुलनेत एकदम उसळलेलं. २०२४ च्या भारताच्या यादीत सगळ्यात वर आयपीएल, मग टी-ट्वेंटी विश्वचषक, मग भारतीय जनता पक्ष आणि निवडणूक निकाल होते. व्यक्तींमध्ये विनेश फोगट. हे सगळं खरंच घडलं होतं, लोकांनी खरंच शोधलं होतं. पण जे रोज विचारलं जातं ते उसळत नाही. सोयाबीनचा आजचा भाव, सातबारा, भरतीची तारीख, एस.टी.ची वेळ हे प्रश्न दरवर्षी तेवढेच असतात, म्हणून यादीला दिसत नाहीत. नेहमीची गरज ही तिच्या दृष्टीनं बातमीच नाही.

तिसरं निरीक्षण आकाराचं. गुगलचंच 'ट्रेंड्स' नावाचं साधन कोणालाही उघडून पाहता येतं. त्यात शून्य ते शंभर अशी सापेक्ष पट्टी असते, आकडे नसतात. भारतातून राज्यापर्यंत उतरता येतं, शहरांची नावं दिसतात. जिल्हा ही पायरी तिथं नाही. आणि प्रश्न थोड्या लोकांनी विचारला असेल, तर पुरेशी माहिती नाही असं सांगून पडदा पडतो. मी बुलढाणा जिल्ह्यात राहतो. आमच्या तेरा तालुक्यांचं मन त्या पट्टीवर मोजलं जात नाही.

मग आमच्याकडे त्या आठवड्यात काय शोधलं जातं?

आधी हे सांगायला हवं, की 'वर्षअखेरची सुट्टी' ही कल्पनाच आमच्याकडे अर्धीमुर्धी आलेली आहे. राज्य मंडळाच्या मराठी शाळांना मोठ्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. नाताळचा एक दिवस. शेतात तूर काढणीला आलेली असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, कपाशीची वेचणी रेंगाळलेली असते. सुट्टी असते ती पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांना, शाळेच्या सहलींना आणि देवदर्शनाला निघालेल्या शहरी कुटुंबांना. त्यामुळे या आठवड्यात जिल्ह्याच्या हद्दीवर प्रश्नांचे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडतात. एक बाहेरून आत येणारा, दुसरा आतून बाहेर जाणारा.

बाहेरून येणारे प्रश्न सोपे आहेत. शेगावला खोली मिळेल का. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाला उतरायचं की मेहकरला. लोणारचं पाणी गुलाबी कधी असतं. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घेतो. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये काही दिवस गुलाबी झालं. खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं आणि रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर दर्जा मिळाला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं पडलेलं हे विवर जगात फार दुर्मीळ आहे. त्याचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार. विचारण्यासारखा प्रश्न खरं तर हा आहे. पण फोनवर लोणारचं नाव टाकलं की अजून त्या जूनचं गुलाबी पाणी वर येतं आणि डिसेंबरात काठावर उभा राहिलेला पाहुणा हिरवं पाणी पाहून हिरमुसतो. लाखो वर्षांच्या सरोवराची ओळख एका महिन्यावर येऊन थांबली आहे.

शेगावच्या खोलीचा प्रश्न तर खिशाला लागणारा आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता, की तीर्थयात्रेला जाणाऱ्यांना गाठून विश्रामगृहांच्या, गाड्यांच्या, दर्शनाच्या बुकिंगच्या नावानं बनावट संकेतस्थळं उघडली जातात आणि शोधाच्या निकालांत पैसे भरून केलेल्या जाहिरातींमधूनही ती पसरवली जातात. भाविकाला वाटतं, वर आलंय म्हणजे खरं असणार. सुट्टीच्या गर्दीत घाईनं विचारलेला प्रश्न हाच तिथं कोणाचा तरी धंदा असतो.

आतून बाहेर जाणारे प्रश्न वेगळ्या सुराचे. आमच्या घरातल्या आणि गल्लीतल्या काही जणांना मी विचारलं, आठवडाभरात काय काय शोधलं ते दाखवता का. दाखवलं. खामगावचा तुरीचा भाव. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख. नवीन वर्षाच्या शुभेच्छा, मराठीत, फोटोसह. खामगाव-जालना रेल्वेचं पुढे काय झालं. हा शेवटचा प्रश्न आमच्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगावला हावड्याच्या मार्गावरच्या गाड्या थांबतात आणि घाटावरचं चिखली, मेहकर, देऊळगावराजा अजून रुळांची वाट बघतं. एका काकांना टाइप करायला जमत नाही, ते फोनशी बोलतात. त्यांनी विचारलं होतं, "आज रातची लाईन किती वाजता येईन?" हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री मोटारीची वीज कधी येणार, एवढंच त्यांना हवं होतं. फोननं रेल्वेचं वेळापत्रक काढून दिलं. काका हसले, म्हणाले, "याले आपली लाईन समजत नाही, पण रेल्वेची तरी आणून देऊन राह्यला."

हसण्यावारी नेता येईल असं हे उदाहरण आहे. पुढचं तसं नाही.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे नेमक्या याच आठवड्याच्या आगेमागे, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस जायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, लहान पोरं, सगळ्यांत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी बाहेर पडली. वाहिन्यांनी तिला 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. आरोग्य विभागानं पाणी तपासलं, त्यात नायट्रेट जास्त निघालं. त्वचेचे नमुने घेतले, बुरशीचा संशय धरला. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. बाधितांचा आकडा १८ गावांत २७९ असा बातम्यांत आला. फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून सांगितलं, की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण प्रचंड आहे आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला आहे. हा निष्कर्ष वादातीत नाही. पण जास्तीच्या सेलेनियमनं केस आणि नखं जातात हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक आहे आणि एप्रिलमध्ये त्याच भागातल्या लोकांची नखंही गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

आता हा प्रश्न शोधाच्या चौकटीत घालून पाहा. 'केस गळतात उपाय' असं लिहिलं की काय येतं, हे कोणीही करून बघावं: कांद्याचा रस, खोबरेल तेल, शांपू, ताणतणाव कमी करा. ही सगळी उत्तरं एक गोष्ट गृहीत धरतात, की केस जाणं ही तुमची एकट्याची अडचण आहे. बोंडगावचा प्रश्न अनेकवचनी होता. 'माझे केस का गळतात' यापेक्षा 'आमच्या गावात सगळ्यांचेच का गळतात' हा निराळा प्रश्न आहे, आणि शोधाच्या पेटीला अनेकवचन नाही. प्रत्येक फोन आपापला प्रश्न गुपचूप विचारतो. शेजारच्या घरातूनही तेच विचारलं जात आहे हे पेटी सांगत नाही. ते ओट्यावर कळतं, पाणी भरताना कळतं, दवाखान्याच्या रांगेत कळतं.

सगळ्यांचे प्रश्न एकत्र करून आजार ओळखण्याचा प्रयत्न गुगलनं केलेला आहे. २००८ साली 'फ्लू ट्रेंड्स' सुरू झालं. ताप, खोकला अशा शोधांवरून साथीचा अंदाज बांधायचा ही त्यामागची कल्पना. २०१२ च्या नाताळात त्यानं अमेरिकेतल्या साथीचा जो कळस दाखवला, तो सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. २०१५ मध्ये ते बंद झालं. अमेरिकेसारख्या प्रचंड माहितीच्या देशात, ओळखीच्या आजाराबाबत ही गत. अठरा खेड्यांतल्या, कोणी कधी न ऐकलेल्या आजाराची पट्टी शून्याच्या वर कुठून हलणार?

जानेवारीत मात्र 'बुलढाणा' हे नाव देशभर पोचलं. याआधी ते असंच पोचलं होतं. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यात आला तेव्हा. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ प्रवासी गेले तेव्हा. आमचा जिल्हा जगाच्या शोधात येतो तो नवल म्हणून किंवा आपत्ती म्हणून. मधल्या दिवसांत तो नसतो. यादीची जी खोड मी वर सांगितली, उसळी तेवढी मोजायची, ती इथं माणसांच्या अंगावर येते.

वर्षाचे प्रश्न एकत्र मांडायची एक जुनी रीत आमच्याच जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. पुरी, पापड, करंजी आणि राजासाठी पानसुपारी. रात्रभर तिथं कोणी जात नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं ते पाहून पीक, पाऊस, राजा यांचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते याला आधार नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे. हललेल्या दाण्यावरून तुरीचा भाव कळत नाही. उत्तरांबद्दल माझी काही श्रद्धा नाही. पण प्रश्नपत्रिकेकडे बघा. पाऊस कोणत्या महिन्यात, कोणतं पीक येईल, खजिन्यात काय असेल: हे प्रश्न कोणा एकाचे नाहीत आणि कोणत्याही वर्षी उसळले नाहीत म्हणून गाळले जात नाहीत. सगळा परिसर पहाटे तिथं उभा राहून एकच प्रश्न एकत्र ऐकतो. उत्तर खोटं असलं तरी प्रश्न सामुदायिक आहे. फोनवर नेमकं उलटं झालं आहे. तिथं उत्तरं पुष्कळदा खरी असतात, पण प्रश्न सुटा पडलेला असतो.

म्हणून वार्षिक यादीबद्दल माझं मत असं: करमणूक म्हणून ती वाचावी, समाजाचा आरसा म्हणून वाचू नये. तिचा सगळ्यात मोठा दोष वगळलेला आठवडा किंवा वगळलेला जिल्हा हाही नाही. ती विचारणाऱ्यांचा चढउतार दाखवते. उत्तर मिळालं का, हे कुठेच नोंदवत नाही. विनेश फोगटचं काय झालं हे शोधणाऱ्याला एका क्षणात कळलं. बोंडगावच्या माणसाला दीड-दोन महिने थांबावं लागलं. यादीच्या लेखी दोघांनीही फक्त 'शोधलं'.

पुढच्या डिसेंबरात ती यादी येईल तेव्हा तिच्याशेजारी आपल्या गावची एक साधी वही ठेवता येईल. शाळेत, वाचनालयात, आरोग्य उपकेंद्रात, कुठेही. तीन रकाने पुरेत: काय विचारलं, उत्तर मिळालं का, कोणाकडून मिळालं. तुरीच्या भावापुढे फोन लिहिला जाईल. रातच्या लाईनीपुढे बहुधा वायरमनचं नाव येईल. आणि एकाच पानावर सात घरांतून 'केस' हा शब्द आला, तर वही ठेवणाऱ्याला जानेवारीतल्या बातमीची वाट पाहावी लागणार नाही.