शेजारच्या गाडीचा प्रश्न

अमुक रेसिंग सिम्युलेटर, म्हणजे सिम, ‘मेलेला’ आहे, त्याच्या स्टीअरिंगमध्ये जीव नाही, असं मत कानावर आलं की मी आधी एकच विचारतो: स्टीअरिंगमधून हाताला जाणवणाऱ्या जोराचा, म्हणजे फोर्स फीडबॅकचा, गेन कितीवर ठेवला आहे? सॉफ्टवेअर मागतं तेवढा जोर स्टीअरिंगच्या मोटरमध्ये नसला, की ती आपल्या कमाल जोरावरच अडकून राहते. याला क्लिपिंग म्हणतात. वळणात टायर पकडीच्या शेवटच्या टोकाशी आला की खऱ्या गाडीचं स्टीअरिंग किंचित हलकं पडतं, आणि तेही गाडी घसरण्याच्या आधी. चालकाला मिळणारा हा सगळ्यात मोलाचा इशारा. क्लिपिंगमध्ये नेमका तोच गिळला जातो. हाताला एकसारखा जडपणा तेवढा लागतो. गेन उतरवून त्याच वळणावर पुन्हा गेल्यावर माझं स्वतःचं मत एकदा नव्हे, अनेकदा बदललं आहे.

म्हणून सिम घडवण्याच्या या कलेची समीक्षा मला दुरुस्तीपासूनच सुरू करावी लागते. स्वस्त पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ बसली की ब्रेकचा आकडा आपोआप उड्या मारतो, आणि बोल लागतो टायरच्या गणिताला. चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारी व्ही-सिंक ही सेटिंग चालू राहिली तर हात आणि चित्र यांत अंतर पडतं, आणि गाडी ‘आळशी’ ठरते. असे दोष काढून टाकल्यावर जे उरतं, त्याबद्दलच बोलायला हवं.

जे उरतं ते थक्क करणारं आहे. पपायरस कंपनीने १९९८मध्ये ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा सिम आणला. १९६७च्या फॉर्म्युला वनमधल्या त्या गाड्यांना ना पंख, ना रुंद टायर. अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडी गर्रकन फिरायची, आणि चूक आपलीच असायची. ती कठोर प्रामाणिकता मला आजही या कलेची खरी सुरुवात वाटते. पपायरसच्या संस्थापकांपैकी एक, डेव्ह केमर, पुढे ‘आयरेसिंग’ या ऑनलाइन सिमकडे वळले, २००८मध्ये ते सुरू झालं आणि लेझरने मोजलेले ट्रॅक त्याने नेहमीचे करून टाकले. ‘लाइव्ह फॉर स्पीड’ हा सिम तिघांनी मिळून उभा केला. इटलीतल्या कुनोस कंपनीचा ‘आसेत्तो कोर्सा’ २०१४मध्ये पूर्ण झाला, आणि त्याचं दार स्वतःचे बदल, म्हणजे मॉड, करणाऱ्यांसाठी उघडं राहिलं म्हणून तो अजून तरुण आहे. रिकाम्या ट्रॅकवरची एकटी गाडी, तिचं वजन पुढेमागे सरकणं, टायर तापणं: इथे ही कला वयात आली आहे, असं मी नि:शंक म्हणेन.

शर्यत मात्र एकट्याची नसते. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर पुढे जाते. शर्यतीच्या जीटी-३ गाडीची लांबीही एवढी नसते. पुण्यात बसून मी युरोपातल्या सर्व्हरवर खेळतो, तेव्हा माझ्या ब्रेकची बातमी समुद्राखालच्या केबलमधून जाऊन प्रतिस्पर्ध्याकडे पोहोचेपर्यंत जवळपास तेवढाच वेळ जाऊ शकतो. तोवर त्याच्या पडद्यावर माझी गाडी दिसते ती अंदाजाने: शेवटच्या माहितीतला वेग आणि दिशा पुढे ओढून. मी अपेक्षेपेक्षा लवकर ब्रेक मारला की तो अंदाज फसतो. त्याच्या पडद्यावर धडक होते, माझ्या पडद्यावर आमच्यात हातभर जागा असते. खोटं कुणीच बोलत नसतं. वाय-फाय सोडून लॅन केबल लावल्याने पिंगची, म्हणजे माहितीच्या जाण्या-येण्याला लागणाऱ्या वेळेची, धरसोड कमी होते, पण अंतर काही मिटत नाही. प्रकाशाचा वेग कुठल्याच सेटिंगमध्ये वाढवता येत नाही.

धडकांवर उपाय म्हणून ‘आयरेसिंग’ने सेफ्टी रेटिंग काढलं. धडकेत चूक कुणाची हे न बघता दोघांच्याही नावावर दंडाचे गुण चढतात. सुरुवातीला मला हा अन्याय वाटे. आता वाटतं, बेदरकार गर्दीला आवरणारा दुसरा उपाय इतका परिणामकारक नव्हता. पण किंमतही खरी आहे: चांगले चालक लढायच्या जागी वाट सोडून देतात, आणि कोपराला कोपर लावून जाण्याची कला हरवते.

संपर्काचाच विषय निघाला की जानेवारी २०२३मधली व्हर्च्युअल ल मां शर्यत आठवते. ‘आरफॅक्टर २’ या सिमवर चाललेली ही शर्यत सर्व्हरच्या अडचणींमुळे दोनदा लाल बावटा दाखवून थांबवावी लागली, आणि आघाडीवर असलेला फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स फेरस्टापन संपर्क तुटून मागे फेकला गेला. तो उघडपणे चिडला, आणि मला त्याचा राग रास्त वाटला. टायरच्या रबरावर वर्षानुवर्षं खर्च करणाऱ्या निर्मात्यांनी संपर्क तुटलेल्या चालकाला त्याची जागा परत देण्याचा नियम तेवढ्याच निष्ठेने घडवायला हवा.

दुसरी काळजी टिकण्याची. ‘प्रोजेक्ट कार्स २’ या सिमची विक्री परवान्यांची मुदत संपल्याने २०२२मध्ये बंद झाली. सर्व्हरशिवाय ‘आयरेसिंग’ चालतच नाही. उलट ‘ग्रां प्री लेजंड्स’ चाहत्यांनी जिवंत ठेवला आहे. ज्याच्याकडे त्याची प्रत आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

रात्री उशिरा स्पा ट्रॅकच्या ओ रूज वळणाकडे उतरताना शेजारी कुणी अनोळखी चालक असला की मी यादीत त्याचं पिंग बघतो. आकडा मोठा असेल तर एका गाडीपुरती जास्तीची जागा सोडतो. तोही कधीकधी सोडतो. मग आम्ही दोघं जोडीने चढ चढतो, आणि त्या काही क्षणांत हातातल्या स्टीअरिंगवर माझा पूर्ण विश्वास असतो.